चेहऱ्याची डावी बाजू

दोन्ही सॉफ्टवेअरची परीक्षा आपल्याच फोटोवर घ्यावी असे मोठ्या बाईंनी जाहीर केले, तेव्हा घरातील काहींना त्याचा अर्थ उमगला नाही. ज्यांना उमगला, त्यांनी ऐकलेच नाही असे दाखवले.

दुपारची वेळ होती. खाली स्टुडिओचे शटर अर्धे ओढलेले होते, म्हणजे गिऱ्हाइकाने वाकून आत पाहावे आणि काय ते समजून परत जावे. वरच्या मजल्यावर, फोटोतले डाग काढण्याच्या म्हणजे रिटचिंगच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी लावलेल्या टेबलाभोवती घर जमले होते. आधी काचेच्या आणि मग फिल्मच्या निगेटिव्हवर पेन्सिल चालवत मोठ्या बाईंनी या टेबलाशी आयुष्य काढले होते. आता त्यावर संगणक होता. बाकी टेबल तेच होते, आणि त्याच्याशी कोणी बसायचे हे ठरवण्याचा अधिकारही अजून त्यांचाच होता.

थोरल्या सुनेला हे सारे प्रकरण मुळात साधे वाटले होते. नवा कॅमेरा आला. त्याच्या कच्च्या फाइली जुने सॉफ्टवेअर उघडीना. नवे घेणे भाग पडले. तिच्या नवऱ्याने एक आणले, तिच्या मुलीने दुसरे. दोन्ही चाचणीपुरती फुकट मिळाली होती आणि त्या चाचणीची मुदत आता संपत आली होती. एवढ्याशा गोष्टीवरून बापलेकीत बोलणे तुटेल, हे मात्र तिच्या हिशेबात बसले नव्हते. ती खाली काउंटर सांभाळत असे. तिथे भांडण झाले तर गिऱ्हाईक तरी निघून जाते. हे दोघे रात्री जेवायला एकाच टेबलाशी बसत.

"एका स्टुडिओत दोन नाही चालायची," मोठ्या बाई म्हणाल्या. "एकातलं काम दुसऱ्यात उघडत नाही असं तुम्हीच सांगता. मग एकच ठेवा आणि सगळ्यांनी तेच शिका."

"मी तरी काय म्हणतोय, आई?" थोरला म्हणाला. "माझं घ्या. एक बटण दाबलं की चेहरा तयार. शिकायचं असं काही नाहीच त्यात."

"शिकायचं काही नाही, म्हणजे दादाला एकदम पसंत," धाकटा खिडकीत बसून म्हणाला.

"तू बोलू नकोस. लग्नांचे ढीगभर फोटो काढून आणतोस, माझ्या गळ्यात टाकतोस आणि घोरत पडतोस. तुला कशाला हवंय सॉफ्टवेअर?"

"बाबा, बटण दाबल्यावर काय होतं ते त्या जुळ्या मुलींच्या वडिलांना विचारा," थोरल्याची मुलगी म्हणाली. लहानपणी जमिनीला नाक लावून बारीकसारीक वस्तू न्याहाळत बसायची, म्हणून तिला घरात मुंगी म्हणत. आता ती मोठी झाली होती, चष्मा लागला होता, नाव तेच राहिले होते.

धाकटा मोठ्याने हसला. थोरल्या सुनेला हसू आले नाही, कारण त्या प्रसंगी काउंटरवर तीच उभी होती. शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो थोरल्याने नव्या सॉफ्टवेअरमधून एका दमात काढले होते. सॉफ्टवेअरने झाडून सगळे डाग पुसले, आणि त्यात जुळ्यांपैकी थोरलीच्या हनुवटीवरचा तीळही पुसला. वडील दोन सारखे फोटो पुढ्यात धरून म्हणाले होते, "यातली थोरली कुठली?" तिने अंदाजाने एकावर बोट ठेवले होते. ते चुकले होते.

"एक तीळ गेला," थोरला म्हणाला. "आणि तुझ्या त्या पसाऱ्यात एका चेहऱ्याला अख्खी सकाळ जाते त्याचं काय? थर काय, मुखवटे काय. काकाचा चेहरा करून दाखवलास तो आठवतो ना? सोललेला बटाटा."

"मी तेव्हा शिकत होते."

"ए, बटाटा कोणाला म्हणतोस?" धाकटा म्हणाला. "तो फोटो मी आवडीने ठेवलाय."

"पुरे," मोठ्या बाई म्हणाल्या. "थोरल्या, तू खाली जाऊन माझा फोटो काढ. ती कच्ची फाइल दोघांनी घ्यायची आणि चहापर्यंत आपापल्या पद्धतीने तयार करून आणायची. कुठलं ठेवायचं आणि या टेबलाशी कोणी बसायचं, ते मी बघून सांगेन."

"तुझा कशाला, आई?" थोरला पटकन म्हणाला. "याच्या वहिनीचा काढू. नाहीतर याचा काढू."

"त्याचे झालेत हाल एकदा. माझा काढ."

थोरल्या सुनेने सासूकडे पाहिले आणि मग, घरात सर्वांना लागलेल्या सवयीने, त्यांच्या उजव्या गालाकडे नजर वळवली. गेल्या हिवाळ्यात मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावरून वारे गेले होते. हात-पाय बचावले, वाचा बचावली, बुद्धी तर जशीच्या तशी. पण डाव्या बाजूचा ओठ आणि गाल खाली उतरले ते उतरलेच. तेव्हापासून या घरात, जिथे प्रत्येकाच्या हाताशी कॅमेरा होता, त्यांचा एकही फोटो निघाला नव्हता. ‘आई बऱ्या झाल्या की काढू,’ असे सगळे म्हणत.

*

थोरल्याने स्टूल मांडले, दिवा उजवीकडे घेतला, पडदा सरळ केला. या कामांना डोके लागत नाही, आणि आज ते त्याच्या फायद्याचे होते. धाकटा पांढरा परावर्तक धरून उभा राहिला.

"मान जरा डावीकडे वळव, आई. अजून थोडी. उजवा गाल येऊ दे."

"समोरून घे."

"समोरून चपटा येतो चेहरा. तूच शिकवलंस."

"मी बरंच शिकवलं. समोरून घे."

"आई, हसू नकोस हं," धाकटा म्हणाला, "दिवा घाबरून विझेल."

"तुझ्या शाळेचे निकाल बघून माझं हसू केव्हाच आटलंय."

थोरल्याने डोळा कॅमेऱ्याला लावला. हा चेहरा त्याला इतरांपेक्षा अधिक माहीत होता. रोज सकाळी कोमट पाण्यात पिळलेले फडके तो आईच्या गालावर धरत असे आणि डॉक्टरांनी दाखवले होते तसे दोन बोटांनी ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत चोळत असे. सुरुवातीला हे काम त्याच्या बायकोकडे होते. मग त्याने ते मागून घेतले. चोळून झाल्यावर तो रोज म्हणत असे, "कालच्यापेक्षा आज बरं आहे." त्याच्या बोटांना ते खरोखरच तसे लागत असे. कॅमेऱ्याला बोटे नव्हती. चौकटीत आई होती, आणि तिच्या चेहऱ्याच्या दोन बाजू एकमेकींशी बोलत नसल्यासारख्या दिसत होत्या.

"काढतोस का मी उठू?"

त्याने काढला. मग आणखी काही काढले, आणि त्यातला सर्वांत समोरून असलेला बाईंनी स्वतः निवडला.

*

मुंगीने फाइल उघडली आणि प्रथम काहीच केले नाही. पहिल्या झटक्यात हात लावायचा नाही, एवढी अक्कल तिला चुका करकरून आली होती. हे सॉफ्टवेअर तिने कोणाकडून शिकले नव्हते. एकच फोटो पुन्हा पुन्हा उघडायचा, बिघडवायचा, मागे जायचे, पुन्हा बिघडवायचा, असे करत ती शिकली. त्यात तिला आवडली होती ती एक गोष्ट. मूळ फोटो तळाशी कायम राही आणि प्रत्येक दुरुस्ती त्याच्यावर वेगळ्या थरात बसे. पडद्याच्या कडेला त्या थरांच्या ओळी दिसत, आणि प्रत्येक ओळीपुढे एक चिमुकला डोळा असे. डोळा मिटला की तो थर दिसेनासा होई; जात मात्र नसे.

तिने आधी रंग सुधारला, कारण खालच्या दिव्याने आजीच्या केसांत पिवळेपणा आणला होता. पहिला थर झाला. कपाळावर डास चावल्याची लाल गांधी होती. ती दुसऱ्या थरात काढली. चष्म्याने नाकावर पाडलेले वळ हलके केले, सगळे नाही. सुरकुत्यांना हात लावला नाही. भुवईतला जुना व्रण ठेवला.

मग ती ओठापाशी आली.

शेजारच्या खोलीतून बाबांच्या माऊसचा एकच आवाज आला होता आणि त्यानंतर शांतता होती. त्यांचे झाले असणार. त्यांचे सॉफ्टवेअर चेहरा आपणच शोधून काढी आणि दोन्ही बाजू आपणच जुळवी. त्यांना काही ठरवावे लागले नसणार. तिला ठरवायचे होते. तिने नवा थर घेतला, गोल कुंचला मोठा केला आणि ओठाचा उतरलेला कोपरा केसभर वर ढकलला. मग गाल, मग डोळ्याखालची पिशवी, पुन्हा ओठ. कातडीचा पोत ताणला जाऊ नये म्हणून प्रत्येक वेळी थोडेसेच. बराच वेळ गेला. पूर्ण झाले तेव्हा पडद्यावर मागच्या शरद ऋतूतली आजी बसली होती, आणि तिला कोणी हात लावला आहे हे कसलेल्या माणसालाही सांगता आले नसते.

हे आपले आजवरचे सर्वांत चांगले काम आहे, हे मुंगीला कळले. हे दाखवले तर टेबल आपले, हेही कळले. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि त्या ओळीपुढचा डोळा मिटला. थर पुसून टाकायला मात्र तिचा हात धजला नाही.

*

चहा आला आणि दोन्ही पडदे शेजारी शेजारी लागले. मोठ्या बाई टेबलासमोर बसल्या. बाकीचे मागे उभे राहिले. कोण कुठे उभे राहते, हे मागे न पाहता ओळखण्याची कला त्यांना जुन्या संसाराने दिली होती.

थोरल्याच्या पडद्यावर त्यांचा चेहरा सरळ होता, कातडी मऊ, ओठ जुळलेले. मुंगीच्या पडद्यावर त्या जशा होत्या तशा होत्या; फक्त डासाची गांधी गेली होती.

"अगंबाई," थोरली सून म्हणाली. "किती छान आलाय हा. अगदी पूर्वीसारख्या दिसताय, आई."

"बघितलंस?" थोरला म्हणाला. "आणि एका बटणात."

बाई धाकट्याच्या बोलण्याची वाट पाहत होत्या. दुपारपासून तो पुतणीच्या बाजूने टोमणे मारत होता. त्याने एक पडदा पाहिला, दुसरा पाहिला, घसा खाकरला.

"दादाचंच घेऊ," तो म्हणाला. "काय वाईट आहे त्यात? तिळाचं बघून घेता येईल."

"काका, तू दुपारी काय म्हणालास?" मुंगी म्हणाली.

"दुपारी म्हणालो. आता हे म्हणतो."

म्हणजे तिघे एकीकडे झाले, आणि मुलगी एकटी पडली. बाईंना आश्चर्य वाटले नाही. तिचे सॉफ्टवेअर घ्यावे असे म्हणायला या खोलीत त्यांच्या चेहऱ्याबद्दल जे आधी बोलावे लागले असते, ते बोलण्याची एकाचीही तयारी नव्हती. त्यांनी चहाचा घोट घेतला. डाव्या कोपऱ्यातून थोडा ओघळला. सुनेने पदराचे टोक पुढे केले, ते त्यांनी बाजूला सारले आणि स्वतःच्या रुमालाने टिपले. मग पडद्याच्या कडेच्या ओळींवर बोट ठेवले. आयुष्यभर निगेटिव्हमधली धूळ शोधलेल्या डोळ्यांना एवढे दिसायला चष्मा लागत नव्हता.

"या सगळ्या ओळींपुढे डोळे उघडे आहेत. हा एकच मिटलेला का?"

"तो असाच," मुंगी म्हणाली. "नको असलेला आहे."

"नको होता तर टाकून का नाही दिलास? उघड."

"आजी, राहू दे ना."

"उघड म्हटलं ना."

मुंगीने टिचकी मारली. ओठ उचलला गेला. आता थोरल्याचा पडदा शेजारी मेणाच्या बाहुलीसारखा दिसू लागला होता आणि हा जिवंत होता.

"येतं की तुला!" थोरल्याचा आवाज चढला, पण त्यात राग नव्हता, सुटकाच होती. "हे एवढं केलंस आणि झाकून ठेवलंस? हेच ठेव. मी मागे घेतो माझं. टेबल तुझं. झालं?"

"मग डोळा मिटलास कशासाठी?" बाईंनी विचारले.

"तुझ्याच नियमामुळे, आजी."

"माझे नियम पुष्कळ आहेत. नीट सांग."

मुंगीने आईकडे पाहिले, मग बापाकडे. दोघांनीही तिला मदत केली नाही.

"महिन्याभरात चेहऱ्यावरून जाणार असेल ते काढायचं," ती म्हणाली. "राहणार असेल त्याला हात लावायचा नाही."

थोरल्या सुनेच्या हातातली चहाची बशी टेबलावर जरा जोरातच टेकली.

"राहणार म्हणजे?" थोरला म्हणाला. "राहणार म्हणजे काय? तू डॉक्टर आहेस? रोज तिचा गाल कोण चोळतं, तू की मी? कालच्यापेक्षा आज बरं आहे. रोज बरं होतंय. विचार आईला. दोन फोटो रंगवायला शिकलीस तर..."

"ओरडू नकोस तिच्यावर," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांना मी उन्हाळा लागायच्या आधीच विचारलं. आता जेवढं आहे तेवढं राहणार, असं ते म्हणाले. सरळ विचारलं, सरळ सांगितलं."

"आम्हाला नाही बोलले!" थोरला म्हणाला.

"तुम्ही नाही विचारलंत."

धाकटा खिडकीबाहेर पाहू लागला. समोरच्या इमारतीवर कोणी तरी वाळत घातलेली चादर ओढून घेत होते, ते संपेपर्यंत तो पाहत राहिला.

"मग मी सकाळी काय करतो?" थोरला म्हणाला. "इतके दिवस मी ते फडकं घेऊन काय करतोय, आई? तू बोलली का नाहीस?"

"मला बरं वाटतं त्याने. ते बंद करायचं नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "आता ऐका. सॉफ्टवेअर मुंगीचं राहील. ज्यात मूळ फोटो शाबूत असतो आणि काय केलं ते मागाहून दिसतं, तेच या टेबलावर चालेल. आणि टेबलाशी बसेल थोरला."

"आजी!" मुंगीच्या तोंडून निघून गेले.

"तुला येतं. त्याला येत नाही. शिकायचं कोणी?"

"मला या वयात ते थर आणि डोळे जमायचे नाहीत," थोरला म्हणाला. त्याने इतके दिवस बटणाच्या गोष्टी सांगून जे झाकले होते, ते आता असे सहज बाहेर पडले. त्याची त्यालाही लाज वाटली नाही. त्याहून मोठे काही तरी त्याच्या हातून आत्ताच सुटले होते. "खरंच सांगतो. बसतो आणि काही कळत नाही. पोरीसमोर मूर्ख दिसतो."

"माझ्यासमोर पुष्कळदा दिसलास. पहिल्या दिवशी पेन्सिलीने निगेटिव्ह फाडलीस आणि रडलास. माझं काही बिघडलं नाही. बस इथे."

त्या उठल्या आणि शेजारच्या खुर्चीवर गेल्या. थोरला बसला. त्याच्या पाठीशी मुंगी येऊन उभी राहिली. थोडी दूर, मग जरा जवळ.

"काय करू?"

"तो थर काढ," बाई म्हणाल्या. "तुझ्या हाताने."

"डोळा मिटला की झालं, बाबा," मुंगी घाईने म्हणाली. "एकच टिचकी."

"टिचकी नको. दुसरा रस्ता असेल ना? हात बसला पाहिजे त्याचा."

मुंगीने पडद्यावर बोट ठेवले. मग म्हणाली, "त्या ओळीवर या, बाबा. आता वर शंभर लिहिलंय ना, तिथे ही पट्टी आहे. ती धरून डावीकडे ओढायची. जेवढी ओढाल तेवढा थर विरळ होतो."

त्याने पट्टी धरली. नव्वदवर काही विशेष दिसले नाही. ऐंशीवर ओठाच्या कोपऱ्याखाली धूसर सावली आली. तो थांबला.

"इथे छान वाटतंय," थोरली सून मागून म्हणाली.

"ओढ," बाई म्हणाल्या.

अर्ध्यावर चित्र बिघडले. थरातला ओठ उचललेला होता आणि त्याच्याखालून खरा, उतरलेला ओठ दिसू लागला होता. गालाला दोन कडा झाल्या, चेहरा एकाच वेळी दोन बायकांचा दिसू लागला. थोरल्याने हात उचलला.

"हे काय झालं? मी काही बिघडवलं का?"

"नाही, बाबा. अर्ध्यावर असंच होतं. दोन्ही दिसतात."

"मग कसं करायचं?"

"इकडे नाहीतर तिकडे. इथे थांबता येत नाही."

तो पडद्याकडे बघत राहिला. मग मान न वळवता म्हणाला, "आई, तू जरा खाली जाऊन बस ना."

"मी इथे ठीक आहे."

धाकटा खिडकीतून उतरून खुर्चीमागे आला. त्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि, त्याला फार वेळ तसे करता येत नसल्याने, काढून घेतला. थोरल्याने पुन्हा पट्टी धरली. थरातला ओठ पातळ होत गेला, नुसती रेघ उरली, तीही गेली. खाली आई होती, समोर पाहणारी. पट्टीवरचा आकडा शून्यावर आला, तरी त्याचा हात आणखी काही वेळ तसाच डावीकडे ओढत राहिला.